एकट्याची डोंगरवाट आणि शरीर

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेशियन ट्रेल ही डोंगरवाट सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे. जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून निघून १४ राज्ये पार करत ती मेनमधील कटाडिन शिखरावर संपते. १९५५ मध्ये एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजीबाई ती एकट्याने चालून गेल्या. आजही अनेक जण पाठीवर सॅक घेऊन एकटेच निघतात. अशा चालीच्या एका दिवसात शरीरात काय घडते?

सकाळ : चढ

चढावर सॅकचे वजन हृदय आणि फुप्फुसांना जाणवते. धाप न लागता एखादे वाक्य बोलता आले, तर वेग योग्य समजावा. सोबत कोणी नसेल तर गुणगुणून पाहावे. सूर तुटू लागला की चाल मंदावावी. दिवसभर ओझे घेऊन चालताना चार हजारांहून अधिक कॅलरी खर्च होऊ शकतात. त्यामुळे सगळी भिस्त रात्रीच्या जेवणावर न ठेवता तासा-दीड तासाने दाणे, सुकामेवा खात राहावे. झऱ्याचे पाणी नितळ दिसले तरी त्यात जिआर्डियासारखे परजीवी असू शकतात. ते उकळून किंवा फिल्टर करूनच प्यावे.

दुपार : उतार

उतार सोपा वाटतो, पण मांड्यांना तो महागात पडतो. पाऊल खाली टाकताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार ब्रेकसारखा रोखून धरतात. त्यात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि एक ते तीन दिवसांनी पाय सर्वाधिक दुखतात. चालण्याच्या काठ्यांमुळे गुडघ्यांवरचा भार हलका होतो.

संध्याकाळ : गारठा

उंची १,००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. याच वाटेवरील माउंट वॉशिंग्टनवर १९३४ मध्ये ताशी सुमारे ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदवला गेला होता. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या अंगाला वारा लागला, की बर्फ पडत नसतानाही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाऊ शकते. हाच हायपोथर्मिया. आधी हुडहुडी भरते, बोटे वळेनाशी होतात, बोलणे अडखळते. मग विचारशक्ती मंदावते.

एकट्याचा खरा धोका इथे आहे. सोबती असेल तर ही लक्षणे त्याच्या ध्यानात येतात. एकट्याला मात्र ती स्वतःच्याच मेंदूने ओळखायची असतात, आणि थंडीने तोच गोंधळलेला असतो.

सह्याद्रीत मार्च ते मे या काळात हेच काम ऊन करते. उष्माघातातही माणूस गोंधळतो, भलतीच वाट धरतो.

म्हणून निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावेत. किती वाजता मागे फिरायचे, हे ठरवून ठेवावे. कोरडे कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावेत. मुक्कामाला पोहोचताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, ते घालावेत. वाट आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी. ठरल्या वेळी निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे, हेही. वाट चुकल्याची शंका आली तर थांबावे, काही खावे, पाणी प्यावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.