दोन मिनिटांचा विमानप्रवास

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या विमानतळांमधले अंतर जेमतेम २.७ किलोमीटर आहे. म्हणजे मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीहूनही कमी. नियमित प्रवासी सेवांमध्ये जगातले सर्वांत छोटे उड्डाण ते हेच. लोगनएअर ही कंपनी १९६७ पासून ते चालवते. वेळापत्रकात त्यासाठी दोन मिनिटे धरलेली असली, तरी प्रत्यक्षात अनेकदा दीड मिनिटही लागत नाही. विक्रम ५३ सेकंदांचा आहे, आणि त्याचा हिशेब ताशी सुमारे १८३ किलोमीटर असा येतो.

वेळ ठरते ती मुख्यतः वाऱ्यावर. वारा पाठीशी असला तर सेकंद वाचतात, समोरून आला तर वाढतात. इतक्या छोट्या टप्प्यात विमान उंची गाठण्याआधीच उतरू लागते, त्यामुळे त्याचा कमाल वेग कागदावरच राहतो. सेवेतले ‘आयलंडर’ हे दोन इंजिनांचे छोटे विमान आखूड धावपट्टीवरूनही उडते. पर्यटकांना या उड्डाणाची गंमत वाटते. पापा वेस्ट्रेच्या शंभराहून कमी रहिवाशांसाठी मात्र ते रोजच्या दळणवळणाचे साधन आहे.