रमजानची बेगमी: फ्रीजरमधले कोफ्ते

मगरिबच्या अजानला पाच मिनिटे उरलेली असतात. दस्तरखानवर खजूर, कलिंगडाच्या फोडी, चण्याची उसळ मांडून झालेली असते. मुले, आजोबा, घरातले पुरुष हात धुऊन बसलेले असतात. आणि जिने पहाटे चारला उठून सगळ्यांची सहरी केली, ती मात्र गॅससमोर उभी असते. एका शेगडीवर भजी, दुसरीवर रात्रीचा रस्सा. अजान होते तेव्हा ती एक खजूर तोंडात टाकते आणि त्याच हाताने झारा उचलते. हे दृश्य मिरजेत दिसेल, मालेगावात दिसेल, सोलापुरातही दिसेल.

इफ्तार म्हणजेच रात्रीचे जेवण, असे पुष्कळ शेजाऱ्यांना वाटते. तसे नसते. इफ्तार म्हणजे रोजा सोडणे. त्यानंतर मगरिबची नमाज, मग जेवण, आणि जेवण आटोपले की इशा व तरावीहची लांब नमाज. मार्च महिन्यात आपल्याकडे सूर्य साधारण पावणेसातला मावळतो. साडेआठच्या आत जेवण होऊन भांडी निघायला हवीत. शाळेत, बँकेत, दवाखान्यात काम करणारी बाई साडेपाचला घरी पोहोचते. तिच्या हातात इफ्तार आणि जेवण दोन्हींसाठी मिळून तास-सव्वा तास असतो, तोही दिवसभराच्या तहानेनंतरचा. म्हणून गेल्या काही वर्षांत अनेक घरांत शाबान महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक काम होऊ लागले आहे: कोफ्ते करून फ्रीजरमध्ये टाकणे.

मराठीत याला नेमका शब्द आहे, बेगमी. पावसाळ्याची बेगमी, वर्षाच्या धान्याची बेगमी. उर्दूत 'ग'खाली नुक्ता देऊन हाच शब्द लिहिला, तर त्याचा अर्थ होतो गम नसणे, निर्धास्तपणा. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे घालणाऱ्या बाईला हे दोन्ही अर्थ वेगळे करून सांगावे लागत नाहीत.

तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप ठरलेला असतो. ''फ्रीज का बासी खाना रोजेदार को खिलाते क्या?'' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात चवीचा मुद्दा आहे आणि प्रकृतीचाही. चवीबद्दल सरळ बोलावे: त्याच दिवशी वाटलेल्या खिम्याचा, तव्यावरून थेट ताटात आलेला कोफ्ता फ्रीजरमधल्या कोफ्त्यापेक्षा सरस असतो. जुम्म्याला किंवा पाहुणे यायचे असतील त्या दिवशी ताजाच करावा. पण मंगळवारच्या रात्री, मसालेदार रश्शात दहा-बारा मिनिटे उकळल्यावर, हा फरक ओळखणारी जीभ घरात फार तर एखादी असते. प्रकृतीचा मुद्दा मात्र पद्धतीवर अवलंबून आहे. पद्धत चुकली तर आजींचेच खरे ठरेल.

कोफ्ता हा शब्द फारसीतल्या कुटण्याच्या क्रियापदावरून आला. तुर्कस्तानात त्याचा कोफ्ते होतो, काश्मीरच्या वाजवानात दगडावर लाकडी मोगरीने मांस कुटून रिस्ता आणि गुश्ताबा करतात. आपल्या घरांत कुटण्याचे काम आता खाटकाच्या यंत्राकडे गेले आहे. त्याला दोनदा काढायला सांगावे आणि थोडी चरबी राहू द्यावी. अगदी कोरड्या मांसाचे कोफ्ते फ्रीजरमधून निघाले की भुशासारखे लागतात. मांस आधी धुऊन, निथळून मगच खिमा काढून घेणे चांगले. खिमा झाल्यावर धुतला तर पाणी आत राहते आणि कोफ्ते फुटतात. आणि खिम्याला अखंड मांसापेक्षा जास्त जपावे लागते. मांसाच्या तुकड्यावर जंतू वरवर असतात, यंत्रातून निघताना ते सगळीकडे मिसळतात. खाटकाकडून आणलेला खिमा ओट्यावर ठेवून आधी कपडे वाळत घालू, असे करू नये.

एक किलो खिम्याला दोन मोठे कांदे कुरकुरीत तळून, हातानेच चुरून घालावेत. कच्चा कांदा नको. तो पाणी सोडतो. दोन चमचे खसखस आणि तेवढेच सुके खोबरे भाजून वाटलेले, आले-लसणाचे वाटण दोन मोठे चमचे, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडा पुदिना, गरम मसाला. बांधणीसाठी फुटाण्याच्या डाळीचे पीठ सपाट वाटीभर. मीठ अडीच चहाचे चमचे, पण ते अंदाजाने. सगळे चांगले मळावे, खिमा हाताला चिकटू लागेपर्यंत. कच्ची पपई घालण्याची सवय असेल तर इथे टाळावी, नाहीतर कोफ्त्याचा लगदा होतो.

आता एक छोटासा कोफ्ता तव्यावर भाजून चाखून पाहावा. शाबानमध्ये हे काम करण्याचा हा मोठा फायदा. रोज्यात मीठ बघायचे म्हणजे पंचाईत; मग घरातल्या लहान पोराला बोलावून चमचा चाटवला जातो आणि ते पोर मान डोलावून निघून जाते. चाळीस कोफ्त्यांचे मीठ एकदाच, खात्रीने, स्वतःच्या जिभेवर ठरते.

तीस ग्रॅमचा एक, म्हणजे लिंबाएवढा, असे वळले तर किलोभर खिम्याचे चाळीसेक कोफ्ते होतात. पाच माणसांच्या घराला ही तीन रात्रींची सोय. दोन किलो केले तर सहा रात्रींची. महिनाभराचे करून ठेवण्याचा हव्यास बरा नव्हे. घरातल्या फ्रीजरला तेवढे झेपत नाही आणि घरच्यांनाही.

कच्चे ठेवायचे की शिजवून? आपल्याकडच्या फ्रीजचा आणि विजेचा विचार करता पूर्ण शिजवून ठेवलेले बरे. अर्धवट शिजवून ठेवणे मात्र सगळ्यांत वाईट. मांस कोमट होते, आतले जंतू मरत नाहीत आणि वाढायला मोकळे राहतात. शिजवण्यासाठी घरातले मोदकपात्र किंवा इडलीचा कुकर उत्तम. तेल लावलेल्या चाळणीत कोफ्ते ठेवून वीस मिनिटे वाफ द्यावी. एक मोडून पाहावा, आत गुलाबी राहता कामा नये. खाली जो रस गळतो तो टाकू नये. बर्फाच्या साच्यात गोठवला की त्या रात्रीच्या रश्शाला तोच जीव आणतो.

यापुढचा टप्पा घाईत बिघडतो. वाफाळते कोफ्ते डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाकले तर आजूबाजूचे पदार्थही तापतात. आणि थंड व्हायला म्हणून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवले तर तेही धोक्याचे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू भराभर वाढतात. म्हणून परातीत एकेक सुटा पसरावा, पंखा लावावा आणि दोन तासांच्या आत गोठवायला ठेवावा. तोही ढीग करून नव्हे. स्टीलच्या ताटात एकमेकांना न चिकटवता तीन-चार तास ठेवले की ते गोट्यांसारखे टणक होतात. मग जाड पिशवीत एका रात्रीपुरते, बारा-पंधरा, भरून हवा दाबून काढावी आणि वर तारीख लिहावी. हवा राहिली की कोफ्त्यावर पांढरट कोरडे डाग पडतात. एकदम ढिगाने ठेवले तर गोठायला वेळ लागतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, ते मांसाचे तंतू फोडतात आणि रश्शात टाकल्यावर सगळे पाणी बाहेर येते.

थंडीत जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. उणे १८ अंशांवर शिजवलेले कोफ्ते दोन-तीन महिने छान राहतात, पण एकदारी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या खणात इतकी थंडी असेलच असे नाही. दारावर चिकटवलेले तारे विजेच्या बचतीचे असतात, थंडीचे नव्हे. अशा फ्रीजमध्ये दोन-तीन आठवड्यांचा हिशेब धरावा. वीज गेली की दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंड राहतो. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचे नाणे ठेवावे. गावाहून परतल्यावर नाणे बर्फाच्या तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले असे समजावे आणि पिशव्या मुकाट्याने टाकून द्याव्यात.

काही गोष्टी फ्रीजरला मानवत नाहीत. नर्गिसी कोफ्ता त्यातलाच. आतल्या उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. बटाटा घातलेले कोफ्ते रवाळ लागतात. कांदा-टोमॅटोचे परतलेले वाटण बिनधास्त गोठवावे, दही मात्र त्या रात्री ताजेच घालावे. दुधीचे कोफ्ते, किसातले पाणी घट्ट पिळून तळलेले, आठ-पंधरा दिवस चांगले टिकतात. ज्या घरी इफ्तारला शाकाहारी शेजारी किंवा सहकारी येतात, तिथे अशी एक पिशवी वेगळ्या डब्यात, वेगळ्या तेलात तळलेली असावी. पाहुण्याने विचारण्याआधी यजमानाने ते सांगावे. तो मग मोकळेपणाने जेवतो.

रात्रीचे काम उरते ते इतकेच. रस्सा खळखळ उकळू लागला की गोठलेले कोफ्ते तसेच सोडायचे, झाकण ठेवून दहा-बारा मिनिटे. एक मोडून मध्ये वाफ निघते का पाहायचे. वितळलेले उरले तर पुन्हा गोठवायचे नाहीत, सहरीला संपवायचे. भाकरी किंवा भात होईपर्यंत रस्सा तयार असतो आणि शेगडी अजानच्या वीस मिनिटे आधी बंद होते.

मात्र फ्रीजर काम कमी करत नाही, ते आधीच्या रविवारी सरकवतो. त्या रविवारी ऐंशी कोफ्ते एकटीनेच वळायचे असतील तर तिला काय मिळाले? पैगंबर हजरत मुहम्मद (स.) घरी काय करत, असे विचारले असता हजरत आयेशांनी सांगितले होते, की ते घरच्यांच्या कामात हात घालत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही हदीस मुलग्यांना मदरशातच कळते. ओट्यापर्यंत पोहोचायला तिला अंमळ उशीर होतो. कोफ्ते वळायला काही कसब लागत नाही. हाताला पाणी लावावे आणि लिंबाचा आकार डोळ्यांसमोर ठेवावा. दहा वर्षांच्या मुलाचे पहिले पाच वेडेवाकडे होतात, सहावा जमतो. तारखेच्या चिठ्ठ्या आजोबांनी लिहाव्यात, त्यांचे अक्षर चांगले असते.

शेवटचे दहा दिवस इबादतीचे म्हणून आणि ईदच्या खरेदीचेही म्हणून सर्वांत धावपळीचे. उरलेल्या पिशव्या तेव्हासाठी राखाव्यात, आणि सत्ताविसाव्या रोज्यापर्यंत फ्रीज मोकळा करावा. चांदरातीला शीरखुर्म्याच्या दुधाला जागा लागते.