शब्द ठेवायचे कुठे?

मराठीच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या स्मृतीवर लिहावे, हा आगाऊपणा वाटेल. पण मला हा प्रश्न मराठी शब्दांमुळेच पडला. दोन लाख शब्दांची यादी अकारविल्हे लावण्यासाठी मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक शब्दास 64 बाइट जागा धरली आणि सारा तक्ता फंक्शनच्या आतच मांडला. प्रोग्रॅम सुरू होताच कोसळला.

फंक्शनच्या आत मांडलेली जागा ‘स्टॅक’वर मिळते. स्टॅक म्हणजे वसतिगृहातील ताटांची चळत. फंक्शन बोलावले की ताट चढते, संपले की उतरते. मागणे नाही, परत करणे नाही; म्हणून काम झटपट. पण चळतीच्या उंचीला मर्यादा असते. लिनक्सवर ती सामान्यतः 8 मेगाबाइट, आणि माझा तक्ता 1,28,00,000 बाइटांचा! अशा वेळी ‘हीप’कडे जावे लागते. तेथे ‘मॅलॉक’कडे जागा मागायची, मिळाली का ते पाहायचे आणि काम झाल्यावर ‘फ्री’ने परत करायची.

आकारापेक्षा आयुष्याचा प्रश्न अधिक फसवा. स्टॅकवरील जागेचा पत्ता फंक्शनने बाहेर पाठवला, तर तो उतरलेल्या ताटाचा पत्ता! माझ्या हातून हेही झाले. आणि गंमत अशी, की पहिल्या दोन खेपांना उत्तर बरोबर आले. फंक्शन संपल्यावरही जे टिकायला हवे, ते हीपवरच मागावे.

मात्र हीप घेतले म्हणजे निर्धास्त झालो, असे नव्हे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. ‘पुस्तक’ दिसायला तीन अक्षरी. पण प, उकार, स, हलन्त, त, क अशी सहा चिन्हे, म्हणजे 18 बाइट, वर शेवटचे शून्य. 16 बाइटांच्या जागेत तो मावत नाही, आणि सी भाषा हटकत नाही. शेजारच्या जागेवर खुशाल लिहीत जाते. स्टॅकवर जवळच फंक्शनने परत कोठे जायचे तो पत्ता असतो. 2 नोव्हेंबर 1988 रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने नेमका तोच गाठला. ‘फिंगर’ सेवेच्या 512 बाइटांच्या जागेत त्याने 536 बाइट कोंबले. तेथे वापरलेले ‘गेट्स’ हे फंक्शन जागा किती आहे हे विचारतच नसे. 2011 च्या सी-प्रमाणातून ते काढून टाकले गेले. उलट, 2014 मध्ये उघडकीस आलेला हार्टब्लीड दोष हीपवरचा. तेथेही लांबी तपासायची राहिली होती.

आता माझी यादी हीपवर आहे. ओळ वाचण्यापुरते 256 बाइट स्टॅकवर आहेत, आणि तो आकडा ‘एफगेट्स’ला न चुकता सांगितला आहे. प्रोग्रॅम कोसळत नाही. फक्त ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या मागोमाग येऊन बसतो, त्याचे अजून पाहायचे आहे.