लहान घरात अनेक मत्स्यटाक्या: मांडणीआधीचे गणित

कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी भरणारा बाजार असो किंवा चेन्नईतील कोळत्तूरची दुकाने, शोभिवंत मासे पाळणारा छंदिष्ट सहसा एका टाकीवर थांबत नाही. दोन नर लढाऊ मासे एकत्र ठेवता येत नाहीत, गप्पीची पिले मोठ्या माशांपासून वाचवावी लागतात आणि नव्याने आणलेले मासे काही आठवडे वेगळे ठेवणे हिताचे असते. पाहता पाहता एका टाकीच्या तीन टाक्या होतात. दोन खोल्यांच्या घरात त्या मांडताना जागेइतकाच वजन, वीज आणि पाणी यांचा विचार करावा लागतो.

वजन

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद व उंच अशा टाकीत ५४ लिटर पाणी मावते. काच आणि तळाची वाळू धरून तिचे वजन सुमारे ७० किलो होते. अशा तीन टाक्या एकावर एक ठेवल्यास मांडणीच्या वजनाखेरीज २१० किलो भार जेमतेम दोन चौरस फूट जागेवर येतो.

आयएस ८७५ या भारतीय मानकात निवासी खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो वापरभार गृहीत धरला आहे. हा भार संपूर्ण खोलीवर पसरलेला मानला जातो. त्यामुळे अशी एक मांडणी धोकादायक ठरतेच असे नाही. मात्र ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईजवळ किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवावी. बाहेर झुकलेली गॅलरी टाळावी. याहून मोठ्या टाक्या ठेवायच्या असल्यास किंवा इमारत जुनी असल्यास स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे इष्ट.

मांडणी लोखंडी अँगलची असावी आणि ती भिंतीला पक्की जोडावी. सर्वांत मोठी टाकी तळाच्या कप्प्यात ठेवावी. टाकीची अरुंद बाजू समोर आणल्यास १२० सेंटिमीटर लांबीच्या एका कप्प्यावर दोनऐवजी चार टाक्या बसतात. अर्थात भारही दुप्पट होतो. प्रत्येक टाकीवर हात व जाळी सहज आत जाईल एवढी मोकळी जागा सोडावी. हात पोहोचत नसलेल्या टाकीची सफाई हळूहळू लांबणीवर पडते.

वीज

प्रत्येक टाकीला विजेवर चालणारा स्वतंत्र फिल्टर बसविल्यास तारांचे जाळे होते. त्याऐवजी एकच मोठा हवेचा पंप घेऊन नळ्यांद्वारे सर्व टाक्यांतील स्पंज फिल्टर चालविता येतात. हा पंप सर्वांत वरच्या टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. तो खाली असल्यास वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात उतरू शकते. तसे शक्य नसल्यास प्रत्येक नळीला पाणी उलट जाऊ न देणारी झडप लावावी.

विजेचा बोर्ड टाकीच्या खाली असू नये. तारेला प्लगच्या आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे थेंब प्लगमध्ये न शिरता तेथेच गळून पडतील. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसविणे आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी उपकरणांचे बटण बंद करणे, या दोन सवयी जीव वाचवू शकतात.

वीज गेल्यावर दाट वस्तीच्या टाकीतील प्राणवायू प्रथम घटतो. बॅटरीवर चालणारा लहान पंप हाताशी ठेवावा आणि वीज येईपर्यंत माशांना खाद्य देऊ नये.

पाणी

माशांच्या विष्ठेतून व श्वसनातून अमोनिया बाहेर पडतो. स्पंजमध्ये वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही व्यवस्था स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सर्व टाक्या एकाच दिवशी सुरू करू नयेत. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळून घ्यावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने हे जीवाणू मरतात.

साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी दर आठवड्याला सुमारे पाव हिस्सा पाणी बदलावे लागते. वरील तीन टाक्यांसाठी ते ४० लिटर, म्हणजे मोठ्या दोन ते तीन बादल्या एवढे भरते. नवे पाणी तोंडाला कापड बांधलेल्या पिंपात साठवावे, म्हणजे डासांची पैदास होणार नाही. टाकीत ओतण्यापूर्वी त्यात क्लोरीन घालविणारे द्रावण मिसळावे. काढलेले पाणी कुंड्यांतील झाडांना उपयोगी पडते. जाळी प्रत्येक टाकीसाठी वेगळी असावी, अन्यथा एका टाकीतील रोग दुसरीत पोहोचतो.

चौथी टाकी आणण्यापूर्वी मोकळी भिंत शोधण्याऐवजी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा: नळाला पाणी कमी येणाऱ्या आठवड्यातही आपण आणखी एक बादली भरू शकू का? उत्तर नकारार्थी असल्यास तीन टाक्या पुरेशा आहेत.