खोपोलीचं पाणी

दूरदृष्टीच्या उद्योजकावर लेख हवा, असं संपादक म्हणाले, तेव्हा मला माणसाआधी खोपोलीच्या वीजघराकडे डोंगरावरून सरळ खाली उतरलेले ते जाड पाइप आठवले. बोरघाटातून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेले असतात.

जमशेटजी टाटांच्या काळात मुंबईच्या गिरण्या बंगालहून येणाऱ्या कोळशावर चालत. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्यावर वीज करायची, हा जमशेटजींचा ध्यास. ते 1904 साली गेले, तेव्हा यातलं काहीच उभं राहिलेलं नव्हतं. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी 1910 साली कंपनी काढली, 1911 साली लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि 1915 साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली. कागदावरच्या कल्पनेसाठी वडिलांनंतर मुलाने एवढं भांडवल उभं करावं, याचं मला फार मोल वाटतं.

माझा जीव मात्र जडला तो तिथलं वीज-जनित्र फिरवणाऱ्या पेल्टन चक्रावर. वळवण, शिरवटा आणि लोणावळा तलावांचं पाणी सुमारे सव्वापाचशे मीटर खाली येतं आणि नोझलमधून ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतं. चक्राच्या कडेला जोडवाट्या असतात. झोत मधल्या धारेवर आपटून दुभागतो, दोन्ही वाट्यांतून मागे वळतो आणि आपली जवळजवळ सगळी ताकद चक्राला देऊन खाली गळून पडतो. मुंबईतली मागणी एकाएकी घटली तर? नोझल झटकन बंद केलं, तर पाइपातल्या पाण्याचा दणका पाइपच फोडील. म्हणून आधी एक पोलादी पट्टी झोताच्या आड येते आणि त्याला बाजूला वळवते. नोझलमधली सुई मग सावकाश पुढे सरकते. मागे डोंगराएवढं पाणी उभं आहे, याचं भान त्या रचनेतच आहे.

हे भान माणसांच्या बाबतीत राहिलं नाही. भिवपुरीच्या वीजघरानंतर भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं धरण आलं आणि मावळ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार हे ठरलं. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. 1924 पर्यंत लढा मोडला, धरण पुरं झालं आणि 1927 साली भिऱ्याची वीज सुरू झाली. शंभर वर्षांचा हिशेब मांडणाऱ्यांनी या माणसांच्या पुढच्या पिढ्या त्यात धरल्याच नाहीत.

आता प्रश्न पाण्याचाच आहे. भीमेच्या खोऱ्यातलं सुमारे 42 टीएमसी पाणी वीज करून कोकणात उतरतं. पूर्वेला सोलापूरची शेतं तहानलेली. पण पश्चिमेला पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिकेच्या काठी याच पाण्यावर शहरं आणि कारखाने वाढले आहेत. पाणी उद्या एकदम पूर्वेकडे वळवा म्हणणं सोपं आहे, पण इकडच्या नळांचं काय, याचं उत्तर आधी द्यावं लागेल.

माझं मत स्पष्ट आहे. टप्प्याटप्प्याने काही पाणी पूर्वेला सोडायला हवं. त्याचं वेळापत्रक सरकारने आणि कंपनीने आत्ताच जाहीर करावं आणि ते ठरवताना मुळशीच्या धरणग्रस्तांच्या वारसांना सोबत बसवावं.