जखम भरल्यानंतरचें दुखणें

शस्त्रक्रियेचा दिवस घरांतील सर्वांच्या स्मरणांत राहतो. टांके काढल्याचा दिवसहि राहतो. त्यापुढचे महिने मात्र कोणाच्याच लक्षांत राहत नाहींत, कारण घरच्यांच्या दृष्टीनें दुखणें तेव्हां संपलेलें असतें. ज्या बाईच्या अंगावरून तें गेलेलें असतें तिच्या दृष्टीनें तें संपलेलें नसतें, ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. जिच्यामुळें कळली ती माझी थोरली जाऊ. त्यांची संमति घेऊनच हें लिहीत आहें.

आमचें घर हिंगोली जिल्ह्यांत सिद्धेश्वर येथें, पूर्णा नदीवरील धरणाच्या जवळ. औंढा नागनाथ हें तालुक्याचें ठिकाण; मोठी शस्त्रक्रिया म्हटली कीं नांदेड, छत्रपति संभाजीनगर, नाहींतर थेट मुंबई. जाऊबाईंच्या डाव्या स्तनांत गांठ सांपडली तेव्हां परभणीस जाऊन मुंबईची गाडी धरावी लागली. तेथें स्तन काढला, काखेंतील गांठीहि काढल्या, पुढें औषधांचे व किरणांचे उपचार झाले. ‘आतां रोगाचा मागमूस नाहीं’ असें ऐकून आम्हीं परत आल्यावर आळींत पेढे वांटले.

पेढे वांटून तीन महिने झाले नसतील, तोंच त्या रात्रीं उठून बसूं लागल्या. काखेपासून दंडाच्या आंतल्या बाजूनें कोपरापर्यंत निखारा फिरविल्यासारखी आग, मध्येंच वीज चमकावी तशी कळ, आणि त्याच दंडाला चिमटा काढला तर कळत नाहीं! पोलक्याची शिवण घांसली तरी डोळ्यांत पाणी यावें. जो अवयव उरला नाहीं त्याला खाज सुटते, हें सांगण्याची तर त्यांना लाजच वाटे. येथल्या एका डॉक्टरांनीं ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून झोपेची गोळी दिली.

डॉक्टरांना तरी नांवें कशाला ठेवूं? एके दिवशीं मींच म्हटलें, “जाऊबाई, जिवावरचें होतें तें गेलें. आतां एवढ्याशा दुखण्याचें काय घेऊन बसलांत?” त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यानंतर चार महिने दुखण्याचा शब्द काढला नाहीं, आणि मी समजलें, थांबलें एकदांचें! हळदीकुंकवाला जाणें त्यांनीं सोडलें, जेवण निम्म्यावर आलें, तासन् तास खिडकीशीं बसून असत. मग एका सकाळीं मेथी निवडतां निवडतां, मान वर न करतां, त्या म्हणाल्या, “मी गेलें असतें तर तुम्हां सर्वांचा त्रास वांचला असता.” जुडी हातांत तशीच राहिली माझ्या.

आठ दिवसांत आम्ही पुन्हां मुंबईस गेलों. या वेळीं वेदनांवर उपचार करणाऱ्या विभागांत. तेथील डॉक्टरीणबाईंनीं कागदावर चित्र काढून दाखविलें. दुसऱ्या बरगडीजवळून निघणारा एक मज्जातंतू काख ओलांडून दंडाच्या आंतल्या कातडीला संवेदना पुरवितो. काखेंतील गांठी काढतांना तो पुष्कळदां ताणला जातो किंवा कापला जातो. जखम कांहीं आठवड्यांत भरते. दुखावलेला तंतू मात्र कारण नसतां मेंदूला वेदनेची वर्दी पाठवीत राहतो. म्हणूनच एके ठिकाणीं बधिरपणा आणि त्याच ठिकाणीं आग, असा विचित्र प्रकार होतो. रोग परत आल्याचें हें लक्षण नव्हे, आणि मनाचा खेळ तर नव्हेच नव्हे.

अशा बाया किती असाव्यात? डेन्मार्क देशांत शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षें झालेल्या ३२५३ स्त्रियांची पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ४७ टक्के स्त्रियांना अद्याप दुखत होतें, आणि दुखणाऱ्यांपैकीं १३ टक्क्यांचें दुखणें तीव्र होतें. तरुण वय, काखेची पूर्ण सफाई आणि किरणोपचार, यांचा या दुखण्याशीं संबंध आढळला. अमेरिकेंतील हॉल्स्टेड या शल्यवैद्यानें १८८२ च्या सुमारास छातीच्या स्नायूंसकट सर्व कांहीं काढण्याची जी पद्धत रूढ केली, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. हल्लीं शक्य असेल तेथें काखेंतील पहिल्या दोन-चार गांठीच काढून तपासतात, त्यामुळें हा तंतू वांचण्याचा संभव वाढला आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं हें विचारण्याचा रोग्याला पूर्ण अधिकार आहे. आम्हांला सुचलें नाहीं.

उपायांविषयीं आम्हांला जें उमगलें तें सांगतें. तापावरच्या किंवा अंगदुखीवरच्या नेहमींच्या गोळ्या या आगीवर फारशा चालत नाहींत. तंतूंची चाळवाचाळव शांत करणारीं औषधें निराळीं. अमिट्रिप्टिलीन हें मूळचें उदासीनतेवरचें औषध अगदीं अल्प प्रमाणांत रात्रीं देतात; गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन हीं दुसरीं. सुरुवातीस गुंगी येते, आणि तीं आपल्या मनानें एकदम बंद करावयाचीं नसतात. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यांत असतो त्याचें मलमहि मिळतें. आगीवर तिखट! सासूबाईंना हें ऐकून हंसूं आवरेना. पण कित्येकींना त्यानें आराम पडतो. मात्र एक इशारा विसरूं नये. ज्या टॅमॉक्सिफेन घेत असतील त्यांनीं उदासीनतेवरचें कोणतेंहि औषध घेण्यापूर्वीं तें डॉक्टरांच्या कानावर घालावें. पॅरॉक्सेटीन व फ्लुऑक्सेटीन यांच्यामुळें टॅमॉक्सिफेनचें शरीरांतील कार्य मंदावतें. व्हेन्लाफॅक्सिनसारखे दुसरे मार्ग डॉक्टरांपाशीं असतात.

औषधाइतकाच गुण, माझ्या मतें, दोन घरगुती गोष्टींनीं आला. भिंतीशीं उभें राहून बोटांनीं भिंत चढत जावयाचें आणि काल हात कोठवर गेला तेथें पेन्सिलीची खूण करावयाची. दुखतें म्हणून जाऊबाई हात छातीशीं धरून ठेवीत, त्यानें खांदा आंखडला होता. दुसरी, ज्या कातडीला स्पर्श सोसत नाहीं तिला स्पर्शाची संवय लावणें: आधीं कापूस, मग मलमल, पुढें सुती पंचा, रोज दोन वेळां पांच मिनिटें. पंचापर्यंत येण्यास त्यांना दीड महिना लागला.

मनाविषयीं मी अधिकारानें बोलूं शकत नाहीं. एवढें खरें कीं रात्रीची झोप मोडली कीं मन खचतें, आणि मन खचलें कीं तीच कळ दुप्पट वाटते. दोहोंवर एकदमच उपचार करावे लागले. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशांतच गोडी वाटत नसेल, जेवण व झोप गेली असेल, तर ‘देवाचें नांव घ्या, बरें वाटेल’ एवढ्यावर भागवूं नये. १४४१६ हा शासनाचा टेलिमानस दूरध्वनि २०२२ पासून रात्रंदिवस, विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठींत बोलतां येतें. ‘मी नसतें तर’ हे शब्द ऐकूं आले तर त्याच दिवशीं फोन करावा आणि त्या बाईला एकटें ठेवूं नये.

पुरुषमंडळींनाहि एक सांगावेंसें वाटतें. भाऊजी, दुखेल म्हणून, ओसरीवर निजूं लागले होते. जाऊबाईंनीं त्याचा अर्थ किळस असा घेतला होता. दोघांनीं हें एकमेकांस सांगण्यास वर्ष गेलें.

दुखणें तेंच राहिलें तर धीर धरावा. पण हात सुजला, लाल होऊन तापला, नवी गांठ लागली, किंवा पाठींत वा हाडांत नवी, वाढत जाणारी वेदना सुरू झाली, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

दुखणें शून्य ते दहा अशा आंकड्यांत सांगावयास त्या डॉक्टरीणबाईंनीं शिकविलें. जाऊबाई तो आंकडा वाण्याच्या वहीच्या मागल्या पानावर टिपून ठेवतात. पहिल्या पानावर आठ-नऊ दिसतात. हल्लीं तीन, कधीं चार, पावसाळी हवेंत क्वचित् सहा. शून्य अजून एकदांहि लिहिलेलें नाहीं. सकाळीं चहाचा पेला पुढें करतांना मी विचारतें, “आज किती?” आणि आंकडा मोठा असला तर त्या दिवशींची पोळ्यांची कणीक मी तिंबतें.