पॉप कलेच्या इतिहासातून हरवलेली चित्रकर्ती

दुसऱ्या महायुद्धानंतरची टंचाई सरल्यावर १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये जाहिराती, रंगीत मासिके, सिनेमा आणि ध्वनिमुद्रिका यांचा सुकाळ झाला. रोजच्या पाहण्यातील या प्रतिमांना कॅनव्हासवर प्रतिष्ठा देणारी शैली म्हणजे ‘पॉप आर्ट’. रिचर्ड हॅमिल्टन, पीटर ब्लेक, डेव्हिड हॉकनी ही या शैलीतील परिचित नावे. त्यांच्याच काळात, त्यांच्याच वर्तुळात काम करणाऱ्या पॉलिन बोटी हिचे नाव मात्र जवळजवळ तीन दशके कुणाच्या ओठांवर नव्हते.

पॉलिनचा जन्म ६ मार्च १९३८ रोजी दक्षिण लंडनच्या उपनगरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. तीन भावांच्या पाठीवरची ही धाकटी मुलगी. मुलीने चित्रकार व्हावे, हे वडिलांना पसंत नव्हते. आईचा मात्र तिला पाठिंबा होता. तरुणपणी आईच्याच कलाशिक्षणाची वाट घरच्यांच्या विरोधामुळे बंद झाली होती. १९५४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून पॉलिन विम्बल्डनच्या कलाशाळेत दाखल झाली. १९५८ मध्ये तिने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, तो रंगीत काचकामाच्या विभागात. वास्तविक तिचा ओढा चित्रकलेकडे होता. परंतु त्या विभागात मुलींना प्रवेश मिळणे दुरापास्त असल्याने तिला तिकडे न जाण्याचा सल्ला देण्यात आला होता. चित्रे आणि कोलाज यांचा सराव तिने स्वतःच्या बळावर चालू ठेवला.

१९६१ मध्ये लंडनच्या एआयए गॅलरीत ब्लेक आणि अन्य दोघांसमवेत तिची चित्रे मांडली गेली. ब्रिटिश पॉप कलेच्या आरंभीच्या प्रदर्शनांत त्याची गणना होते. १९६२ मध्ये केन रसेल यांनी बीबीसीसाठी तयार केलेल्या ‘पॉप गोज द ईझल’ या माहितीपटात ब्लेक, डेरेक बोशियर आणि पीटर फिलिप्स यांच्याबरोबर चौथी कलावंत होती पॉलिन. या माहितीपटाने तिला घरोघरी पोहोचवले खरे. परंतु त्यानंतर चित्रांपेक्षा तिच्या सौंदर्याचीच चर्चा अधिक होऊ लागली. नाटके आणि दूरचित्रवाणीवरील भूमिका चालून आल्या. वृत्तपत्रांना छायाचित्रासाठी चेहरा हवा होता, कलाकृती नको होत्या.

तिची चित्रे मात्र नेमका हाच प्रश्न विचारत होती. मर्लिन मन्रोच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये तिने ‘कलर हर गॉन’ हे चित्र रंगवले. पुढच्या वर्षी ‘द ओन्ली ब्लाँड इन द वर्ल्ड’मध्ये पुन्हा मर्लिनच अवतरली. पुरुष पॉप चित्रकारांच्या कॅनव्हासवर स्त्री ही बहुधा पाहण्याची वस्तू असे. पॉलिनने पाहणाऱ्या आणि हवेहवेसे वाटणाऱ्या स्त्रीच्या बाजूने चित्रे काढली. फ्रेंच अभिनेता जाँ-पॉल बेल्मोंदो याच्या डोक्यावर तिने भलेमोठे लाल गुलाबाचे फूल रंगवले. १९६४-६५ मधील ‘इट्स अ मॅन्स वर्ल्ड’ या चित्रजोडीतील एका चित्रात आइन्स्टाइन, एल्विस प्रेस्ली, बीटल्स अशा नामवंत पुरुषांची गर्दी आहे, तर दुसऱ्यात केवळ विवस्त्र स्त्रीदेह. पुरुषांच्या जगात कुणाला चेहरा मिळतो आणि कुणाला फक्त शरीर, हे सांगण्यासाठी वेगळ्या भाष्याची गरज उरत नाही. स्त्रीवादी चळवळीने ब्रिटनमध्ये जोर धरला, तो यानंतर काही वर्षांनी.

१९६३ मध्ये साहित्य व्यवसायातील क्लाइव्ह गुडविन यांच्याशी अवघ्या दहा दिवसांच्या परिचयानंतर तिने विवाह केला. १९६५ मध्ये गरोदरपणातील तपासणीत तिला कर्करोग असल्याचे उघड झाले. उपचारांमुळे गर्भाला अपाय होण्याची भीती होती. पॉलिनने गर्भपात आणि उपचार, दोन्ही नाकारले. फेब्रुवारी १९६६ मध्ये तिला मुलगी झाली आणि १ जुलै रोजी वयाच्या अवघ्या २८व्या वर्षी तिचे निधन झाले.

मृत्यूनंतर तिची चित्रे भावाच्या शेतावरील इमारतीत धूळ खात पडली. कला-इतिहासकार डेव्हिड मेलर यांनी त्यांचा शोध घेतला आणि १९९३ मध्ये लंडनच्या बार्बिकनमधील प्रदर्शनात ती पुन्हा लोकांसमोर आली. काही चित्रे मात्र कायमची हरवली. प्रोफ्युमो प्रकरणावरील ‘स्कँडल ६३’ आज केवळ छायाचित्रांतूनच ठाऊक आहे. १९९९ मध्ये टेट संग्रहालयाने ‘द ओन्ली ब्लाँड’ विकत घेतले, २०१३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे तिच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तर २०२२ मध्ये बेल्मोंदोचे चित्र लिलावात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले.

तिची कारकीर्द जेमतेम पाच-सहा वर्षांची आणि कलाकृतींची संख्याही मर्यादित. हे विस्मरणाचे एक कारण म्हणता येईल. पण ते पुरेसे नाही. चित्रकर्तीचा चेहरा लक्षात ठेवून तिची चित्रे विसरणाऱ्या समाजाचाही त्यात वाटा आहे. पॉलिनने ज्यावर बोट ठेवले, त्याच दृष्टीने तिच्याकडे पाहिले गेले, हा या कहाणीतील सर्वांत बोचरा भाग होय.